वेळासचं घर : जेवण फर्मास, कचरा आपापला

आधी तक्रार नोंदवते. कासवांची पिल्लं बघायला कोकणातल्या वेळासला जायचं म्हणून तिथे घरगुती राहायची सोय फोनवर ठरवली तेव्हा काकूंनी माणसं किती, तिखट चालतं का, वयस्कर कोणी आहे का, सगळं विचारलं. 'प्लास्टिक आणाल ते परत न्याल' एवढं मात्र बोलल्या नाहीत. ते कळलं अंगणात गाडी लागल्यावर. मी डिकीतून पाण्याच्या बारा बाटल्यांचा बॉक्स काढला आणि काकूंनी शांतपणे एक रिकामी गोणी माझ्या हातात ठेवली. "रिकाम्या झाल्या की ह्यात टाका ताई. निघताना गाडीत ठेवून देते."

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत, बागमांडल्याला जंगलजेट्टीच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या, रांगेत पाऊण तास उन्हात काढून आलेल्या बाईला हे स्वागत झोंबतं. मी म्हटलं, पैसे घ्या हवे तर, पण विल्हेवाट तुम्हीच लावा. त्या म्हणाल्या, "विल्हेवाट म्हणजे काय, जाळायचं नाहीतर पुरायचं. पुरलेलं पावसाळ्यात वर येतं आणि वहाळातून समुद्रात जातं." यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बॉक्स शेवटपर्यंत फोडलाच नाही, ही गोष्ट वेगळी. ओटीवर माठ होता, त्यात वाळा, आणि पाणी उकळून गार केलेलं. बाहेरच्या पाण्याने हमखास पोट बिघडणाऱ्या आमच्या सासूबाईसुद्धा तीन दिवस तेच प्यायल्या आणि ठणठणीत राहिल्या.

जेवणाबद्दल लिहायला बसले तर इथेच रात्र होईल. मार्च असल्याने ओल्या काजूगरांची उसळ मिळाली, सोबत तांदळाची भाकरी, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी आणि सोलकढी. पुण्यात जी गुलाबी पाण्यासारखी देतात ती नव्हे. नारळाचं दूध दाट, आमसुलाचा आंबटपणा नेमका. ताटं केळीच्या पानांची. जेवण झालं की आपलं पान आपण उचलून गोठ्यात न्यायचं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवसापासून गाईला भरवायला तीच सगळ्यांची पानं गोळा करायला लागली.

न्हाणीघर मागीलदारी, आणि दोन कुटुंबांत मिळून एकच. सकाळी पंचाईत होते. बंबाचं पाणी कडकडीत मिळतं, पण माणशी एक बादली. न्हाणीचं पाणी पाटाने थेट पोफळींच्या आळ्यात जातं, म्हणून 'फेसाचं बाटलीतलं नको, साबणाची वडी वापरा' अशी विनंती. शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी ती धाब्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी आळ्यात फेस तरंगत होता. काकू काही बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं, असं माझं मत.

आता कासवं, ज्यांच्यासाठी गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून ती कुंपणात हलवून पुन्हा वाळूत पुरतात. साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. घरापासून किनारा पायी पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या संध्याकाळी घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. वर ह्यांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च लावला आणि कार्यकर्त्या पोराचं बोलणं खाल्लं. पिल्लं उजेडाकडे जातात. रात्री समुद्राकडचं आकाश उजळ असतं म्हणून पाण्याकडे वळतात. मागून आपला टॉर्च चमकला की उलटी फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सतरा पिल्लं निघाली. तळहातात दोन मावतील एवढीशी, शिसपेन्सिलीच्या रंगाची. सगळे दोरीमागे. एक पिल्लू चालता चालता कुणाच्या तरी जुन्या टाचेच्या खड्ड्यात पडलं. चार बोटं खोल असेल तो खड्डा. ते एका वल्ह्याने वाळू ओढायचं, अर्धं वर यायचं, पुन्हा घसरायचं. लेक म्हणाली, "काका, उचला ना." तो पोरगा म्हणाला, "चालू दे त्याला. उचलायचं नाही." पाच-सहा मिनिटं गेली असतील. वर आलं, थांबलं, आणि लाटेने नेलं. दोरीच्या पुढे का जाऊ देत नाहीत, हे तोवर आम्हाला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

सासूबाईंना कासवांपेक्षा हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, याचंच अप्रूप जास्त. येताना बाणकोटचा किल्लाही पाहून घ्या, वाटेवरच आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण न्हाणीघराचा आणि फोनवर न सांगितलेल्या नियमाचा कापला. मोबाइलला रेंज जेमतेम, तेव्हा रोख पैसे जवळ ठेवा. पिल्लं दिसतीलच अशी हमी कुणी देत नाही, म्हणून दोन रात्री तरी राहा.

गोणीत शेवटी निघाली चिप्सची नऊ पाकिटं, वेफर्सचे दोन डबे आणि आलेपाकाच्या वड्यांचे कागद. माणगावला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी ती हॉटेलच्या पिंपाजवळ हळूच टेकवली होती. लेकीने परत आणून मांडीवर घेतली, ती थेट कोथरूडपर्यंत.