पेटी विकली गेली, पॅरिस मात्र पूर्ण निघालं नाही

बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, चौदा वर्षं आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या माळ्यावर पडून होती. बेचाळीस पट्ट्या, डबल सूर (प्रत्येक पट्टीला दोन पितळी जिभा, म्हणजे रीड; पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात), भाता कोपऱ्यांत फाटलेला. वाजवायला गेलं की सूर कमी आणि फुस्स जास्त. लहानपणापासून आम्ही एकच ऐकलेलं, "पॅरिस रीडची आहे, हात लावू नका." म्हणजे आतले सूर पॅरिसहून आलेले. १९५८ साली त्यांनी ती जुनीच घेतली होती. तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, १९४० पासून. ती सैल झाली १९७१ मध्ये. पण पोस्टातल्या कारकुनाला रेडिओवर बोलावणार कोण, त्यामुळे बाबांचं काही अडलं नाही.

विकायला काढली तेव्हा आधी जुन्या बाजारात विचारलं. तिथला एकजण झाकण न उघडताच म्हणाला, "हॉटेलवाले शोभेला नेतात, अडीच हजार." नव्या वाद्यांच्या एका दुकानात नवीन घेणार असाल तरच जुनी घेऊ, असं उत्तर मिळालं. ॲपवर फोटो टाकला, तर दिवसभर "लास्ट किती?" लास्ट सांगितलं की माणूस गायब.

शेवटी भाचीच्या गाण्याच्या बाईंनी शनिवार पेठेतल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे पाठवलं. जिन्याखालची खोली आहे. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बोळात थांबायचं. मी गेल्या गेल्या किंमत विचारली. "आधी उघडू तर द्या, ताई." उघडून बघायचे ३०० रुपये.

ते ३०० वसूल झाले. काकांनी पट्ट्या काढल्या, खालून उंदरांनी कुरतडलेलं चामडं निघालं, एक वाळकं झुरळही. मग सुरांची फळी उजेडाकडे धरून त्यांनी एकेक पितळी जीभ नखानं हलकेच उचलून सोडली. ८४ सुरांपैकी अकरा गुजरातमधल्या पालिताण्याचे निघाले, कधीतरी बदललेले. बाकीचे पॅरिसचेच. (बाबांना हे माहीत होतं का, हा प्रश्न आता कोणाला विचारणार?) तीन सूर खरवडून खरवडून पातळ झालेले. सूर टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो. कोणीतरी दोन्हीकडून घासत बसलं होतं. "घासलेलं पितळ परत कुठून आणायचं?" काका म्हणाले, आणि ते तीन बाजूला ठेवले.

मी सुताराकडून पॉलिश करून घेणार होते. त्यांनी साफ नको म्हणून सांगितलं. चकचकीत जुनी पेटी दिसली की घेणारा आधी काय लपवलंय ते शोधतो. भाता, चामडं आणि सगळी पेटी सुरात लावणं मिळून ११ हजारांचा अंदाज दिला, आणि वर म्हणाले, "तुम्ही करू नका. ज्याला वाजवायचीय तो त्याच्या पट्टीला, त्याच्या हाताला करून घेईल."

गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं, सिंहगड रोडचे एक पेटी शिकवणारे सर. माझ्यादेखत काकांनी त्यांना माझ्या पेटीची सगळी कुंडली वाचून दाखवली: अकरा सूर, उंदीर, पातळ झालेले तीन, सगळं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण सरांनी एकदाही घासाघीस केली नाही. आहे तशी १४ हजारांना गेली. काकांनी त्यातले दहा टक्के घेतले, ते आधीच ठरलेलं होतं.

काकांबद्दल तक्रारी आहेतच. तीन आठवडे सांगून सात लागले. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं, आणि त्या बोळात दुचाकीसुद्धा लागत नाही. पेटी रिक्षातून न्या, भात्याचा खटका लावून, मांडीवर घेऊन. ठेवून आलात तर पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.