बायबलमधल्या आकड्यांचा ऑनलाइन क्लास केला, सहा शनिवार, माझा अनुभव

लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत सहा शनिवार झूमवर हा क्लास केला. विषय बायबलमधले आकडे आणि त्यांचे अर्थ, पूर्ण मराठीतून, फी ६०० रुपये. वेळ दीड तास सांगितलेली पण दोन तास सहज व्हायचे आणि कुणी उठायचं नाही.

आधी सांगते की मी का गेले. मी संडेस्कूलला शिकवते. वर्गाच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेला तक्ता आहे, एका स्टॉलवरून घेतलेला, ३ म्हणजे त्रैक्य, ५ म्हणजे कृपा, ७ म्हणजे पूर्णता, ८ म्हणजे नवी सुरुवात असं सगळं एका ओळीत, आणि मुलांनी तो पाठ केलेला. पाच भाकरी आल्या की कृपा, दावीदाने ओढ्यातून पाच गोटे उचलले की कृपा, छान चाललेलं. मग एका मुलीने विचारलं, मिस, येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारींमध्ये पाच मूर्ख होत्या ना, मग ती पण कृपा का? मला काही सांगता आलं नाही आणि ते मनात राहिलं.

क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बायबल आणि पेन्सिल घेऊन बसा, तक्ते आणू नका. आकड्याला अर्थ गोष्टीतून येतो, आणि तोच आकडा दुसऱ्या गोष्टीत परत आला की पहिली गोष्ट सोबत घेऊन येतो, हे त्यांचं म्हणणं, आणि सहा आठवडे त्यांनी फक्त हेच दाखवलं.

पहिलं सत्र साताचं. मला वाटलं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करतील पण त्यांनी एकविसावा काढला, अब्राहाम आणि अबीमलेख यांचं विहिरीवरून भांडण होतं तो. अब्राहाम सात मेंढ्या वेगळ्या काढून ठेवतो, अबीमलेख विचारतो या कशाला, आणि दोघं शपथ घेतात आणि जागेचं नाव बैर-शेबा पडतं. हिब्रूत सात या शब्दात आणि शपथेच्या शब्दात अक्षरं तीच आहेत, बैर म्हणजे विहीर, म्हणजे सातांची विहीर म्हणा किंवा शपथेची, दोन्ही बरोबर. इतकी वर्षं हे नाव वाचतेय आणि मला हे माहीत नव्हतं! त्यानंतर यरीहो शहराचा तट पडतो ती गोष्ट वाचली तर सात याजक, एडक्यांच्या शिंगांची सात रणशिंगं, सात दिवस, सातव्या दिवशी सात फेऱ्या, हे नुसतं पूर्णता म्हणून सोडून देता येत नाही, देवाने जे देईन म्हणून शपथ वाहिली ते तो देतोय असं ऐकू यायला लागतं. पुढच्या रविवारी मी मुलांना चर्चच्या आवारात फेऱ्या मारायला लावल्या, सहा दिवसांच्या सहा आणि शेवटच्या दिवशीच्या सात, एकूण १३, बोटांवर मोजत मोजत. गोष्टीत लोकांना हुकूम असतो की फेऱ्या मारताना कुणी बोलायचं नाही, हे पाळणं किती अवघड ते त्यांना पायांनी कळलं.

पण या क्लासचे पैसे माझ्यासाठी वसूल झाले ते दुसऱ्या शनिवारी. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि प्रभू येशू म्हणतो सात नाही, सातांच्या सत्तर वेळा. आमच्याकडे यावर दरवर्षी उपदेश होतो आणि दरवर्षी ४९० चा गुणाकार होतो. सरांनी काय केलं, काही न बोलता उत्पत्तीचा चौथा अध्याय उघडायला सांगितला. तिथे भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला लामेख आपल्या दोन बायकांना सांगतोय की मला जखम केली म्हणून मी एका तरुणाला मारून टाकलं, काइनाचा सूड सातपट तर लामेखाचा सत्त्याहत्तरपट. आता गंमत नाही तर धक्का हा आहे की जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जे शब्द आहेत तेच मत्तयच्या ग्रीकमध्ये येशूच्या तोंडी आहेत, त्यामुळेच कुणी ते ७७ वाचतं कुणी ४९०. म्हणजे जितका सूड तितकीच क्षमा, त्याच मापाने, सूडाचं गाणं येशूने उलटं केलं. झूमवर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझं माहेरी एका माणसाशी बोलणं बंद आहे, त्याचा मी तिथे बसून विचार केला, जास्त लिहीत नाही.

चाळीसचं सत्र ठीक, बरंचसं ओळखीचं. तारवाचा पाऊस, सीनायवर मोशे, होरेबपर्यंत चालणारा एलीया, निनवेला दिलेली मुदत, रानातला उपवास. नवीन मिळालं ते गणना या पुस्तकातलं, हेर ४० दिवस देश पाहून आले आणि लोक घाबरले म्हणून एका दिवसाला एक वर्ष अशी ४० वर्षं. आणि लेंतचे दिवस मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ भरतात, त्यातले सहा रविवार काढले की ४०, कारण रविवारी उपवास धरत नाहीत.

बारावर मात्र त्यांनी छान वेळ दिला. येशूच्या बारा शिष्यांतला यहूदा गेल्यावर अकरांवर भागलं नसतं का, तर नाही, चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं, कारण इस्राएलाच्या बारा वंशांचं घर परत उभं राहायचं होतं. आणि मार्क ८ वाचून घेतला, नावेत येशू शिष्यांना विचारतो पाच हजारांना जेवू घातलं त्या वेळी उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या, ते म्हणतात बारा, चार हजारांच्या वेळी किती, सात, आणि मग तो म्हणतो, तुम्हाला अजून समजत नाही का? उत्तर तो देतच नाही, अध्याय पुढे जातो.

आता तक्रार. पाचवं आणि सहावं सत्र फार कोंबलेलं होतं. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते हे समजायलाच एक दिवस हवा होता. दावीद या नावाची अक्षरं ४, ६, ४ म्हणजे १४, म्हणून मत्तय वंशावळ चौदा चौदा पिढ्यांची मांडतो आणि त्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्या मधले तीन राजे गाळतो, हे मला फार महत्त्वाचं वाटलं आणि ते दहा मिनिटांत उरकलं. मग ६६६, प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा. ग्रुपवर लोकांनी आधीच बारकोड आणि आजच्या नेत्यांच्या नावांचे फॉरवर्ड टाकलेले. सरांनी शांतपणे नीरोन कैसर, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज करायला लावली, बरोबर ६६६. शेवटचा न काढला तर ५० कमी होऊन ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ लिहिलेलं सापडतं. हे ऐकून फॉरवर्ड थांबले, पण प्रश्न खूप राहिले आणि वेळ संपली.

रेकॉर्डिंग फक्त सात दिवस मिळतं, तेही वाढवायला हवं, नोकरीवाल्यांना जमत नाही. नोट्सच्या पीडीएफमध्ये हिब्रू अक्षरं काही फोनवर नुसते चौकोन दिसतात. शिकवणं मात्र मनापासून, वय झालेल्या बायकांनाही समजेल असं. संडेस्कूल घेणाऱ्यांनी नक्की करा. झटपट अर्थांची यादी हवी असेल तर मात्र इथे मिळणार नाही.

शेवटचा अर्धा तास योहानाच्या २१ व्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांवर होता. जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन याने काढलेलं की १ ते १७ ची बेरीज १५३, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं. त्याच काळातला बायबलचा अभ्यासक जेरोम म्हणाला माशांच्या जातीच १५३. सरांनी दोन्ही सांगितलं आणि कुठलंच पक्कं म्हटलं नाही. मग एक ताई, कोळीवाड्यातल्या, अनम्यूट होऊन म्हणाल्या, अहो सर, जाळं वर आलं की आम्ही पण मोजतो की, वाटणी करायची असते. सर म्हणाले हे मी लिहून घेतो, आणि खरंच लिहून घेतलं.

तक्ता मी अजून काढलेला नाही. पाचच्या पुढे पेन्सिलीने दहा कुमारींचा अध्याय लिहून ठेवलाय, आणि त्या मुलीला सांगितलंय की पुढच्या रविवारी आपण ते दोघी मिळून वाचू.