वेटेड वॉल कॉलम: काच झकास, पुस्तिका मुकी

प्रयोगशाळेत वेटेड वॉल कॉलमचा (ओल्या भिंतीच्या नळीचा) संच येऊन आता दुसरं सत्र चाललंय. वायू पाण्यात किती वेगाने विरघळतो, ते याने मोजायचं. काचेची उभी नळी, आतला व्यास 25 मिलिमीटर, उंची 30 सेंटिमीटर. वरच्या काठावरून पाणी आतल्या भिंतीला धरून उतरतं, खालून कार्बन डायऑक्साइड चढतो. यात बिघडायचं काय, असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी बिघडलं.

नळीच्या एका बाजूला बोटभर रुंदीची कोरडी पट्टी. पाणी तिला शिवेचना. जोडणी करताना मीच आत बोट घातलं होतं, तेवढा तेलकटपणा पुरला. डिटर्जंटने धुऊन डिस्टिल्ड पाणी फिरवलं, पट्टी गेली. तरी थर एका बाजूला जाड. पायाचे लेव्हलिंग स्क्रू प्लास्टिकचे, तासाभरात ढिले होतात. शेवटी मी धातूचे बसवले. जिथे केसभर कलंडलं तरी प्रयोग फसतो, तिथे असे स्क्रू!

काच मात्र झकास. बाजूने दिवा धरला की पाण्यावरच्या लहरी स्पष्ट दिसतात, आणि सगळी गंमत त्या लहरींतच आहे. मिनिटाला 200 मिलिलिटर पाणी सोडलं, तर उतरत्या थरासाठीच्या नुसेल्टच्या 1916 च्या सूत्राने जाडी येते 0.23 मिलिमीटर. पृष्ठभागाचा वेग सरासरीच्या दीडपट, सेकंदाला साधारण 28 सेंटिमीटर. म्हणजे वायूला पाण्याची गाठ पडते ती जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात तो 0.1 मिलिमीटरही आत शिरत नाही. भिंतीलगतच्या पाण्याला त्याची खबरच नसते. वायू थोडा वेळच पाण्याला भिडतो, या गृहीतावरच्या हिग्बीच्या 1935 च्या सिद्धान्तानुसार मास ट्रान्सफर गुणांक (वायू पाण्यात शिरण्याच्या वेगाचं माप) यायला हवा सेकंदाला 4.8 × 10⁻⁵ मीटर. आमचा आला 7 × 10⁻⁵ च्या वर.

मुलं टायट्रेशनला, म्हणजे विरघळलेला वायू मोजण्याच्या रासायनिक पद्धतीला, दोष देऊन मोकळी झाली. पण रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती शांत की खळबळता, हे सांगणारा आकडा) होता 190 च्या आसपास, आणि लहरी त्याच्या कितीतरी आधीच उठतात. त्या पृष्ठभागाखालचं पाणी घुसळतात, म्हणून वायू जास्त विरघळतो. पाण्यात थेंबभर सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) घातलं. लहरी विरल्या, आकडा 5.2 वर आला. (तळाशी सर्फॅक्टंट साचून पृष्ठभाग थबकतो, तेवढी उंची हिशेबातून वजा करायची.) यातलं एक अक्षर संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत नाही. तिथे नुसतं सूत्र आणि रिकामा तक्ता.

नमुन्याचा नळही वाईट. पाणी टपटपत पडतं, वायू उडून जातो. आता मी रबरी नळी लावून नमुना थेट, वायू पकडून ठेवणाऱ्या बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, पातळीखाली सोडतो. थर्मामीटरला जागाच ठेवलेली नाही.

तरीही दुसरा संच मागवलाय, 60 सेंटिमीटरचा. संपर्काचा वेळ दुप्पट झाल्यावर हिग्बीच्या हिशेबाप्रमाणे गुणांक खरंच 3.4 × 10⁻⁵ च्या आसपास उतरतो का, ते बघायचंय. स्क्रू मात्र आधीच आणून ठेवलेत.