बिशपांची परवानगी की सुटकेची प्रार्थना?

कॅथलिक चर्चमध्ये भूतग्रस्तासाठीचा मोठा विधी कुणीही करू शकत नाही. चर्चच्या कायद्यातील कलम, म्हणजे कॅनन ११७२ नुसार बिशपांची (प्रांताच्या चर्चप्रमुखांची) स्पष्ट परवानगी मिळालेला धर्मगुरूच तो करतो. आधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी लागते. १६१४ चा विधी सुधारून १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. न शिकलेली भाषा बोलणे, दडलेल्या गोष्टी सांगणे, अचाट ताकद ही त्यातली लक्षणे. तेवढ्यावर मात्र निकाल देत नाहीत. पवित्र पाणी शिंपडणे, संतांना विनवणी, शुभवर्तमान, क्रूस असा विधी शांतपणे चालतो.

पेंटेकोस्टल मंडळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथात, सुटकेची प्रार्थना करतात; तिथे परवानगीचा प्रश्नच नाही. बायबलमधले मार्क १६:१७ (विश्वासणारे येशूच्या नावाने भुते काढतील) प्रत्येक विश्वासणाऱ्याला लागू, असे ते धरतात. पापकबुली, गंडे-ताईत टाकून देणे, मग ‘येशूच्या नावाने नीघ’ असा थेट हुकूम. मदत त्याच संध्याकाळी मिळते, हा मोठा फायदा. घोळही इथेच होतो: फिट येणाऱ्याला भूतग्रस्त ठरवतात, गोळ्या बंद करतात. मारहाण झाली, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा.

सुटकेनंतरचे काम दोन्हीकडे सारखेच. मत्तय १२ मधले झाडलेले, रिकामे घर आठवा: तिथे निघून गेलेला दुष्ट आत्मा सात सोबती घेऊन परततो. म्हणून रोजची प्रार्थना आणि बायबलचे वचन.