जुलीला आम्हीच त्यांच्या गाडीत बसवले

बेवारस कुत्र्यांच्या ज्या निवाऱ्यात मी गेली काही वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करते, तेथील जुली ही जर्मन शेफर्ड जातीची कुत्री, केवळ याच जातीच्या कुत्र्यांसाठी काम करतो असे सांगणाऱ्या एका रेस्क्यू संस्थेकडे पाठवण्याची सगळी जुळवाजुळव मी स्वतः केली होती. ती संस्था बनावट निघाली. त्या लोकांचा मला राग येतो, पण त्याहून अधिक स्वतःच्या घाईची लाज वाटते, आणि म्हणूनच आमची नजर नेमकी कुठे चुकली ते काहीही न लपवता लिहीत आहे.

जुली आमच्याकडे आली तेव्हा साधारण 3 वर्षांची होती आणि तिचे वजन जेमतेम 20 किलो भरले. या जातीची प्रौढ मादी साधारणपणे 22 ते 32 किलोंची असते. ती अधाशासारखी खात असे, तरीही तिच्या बरगड्या मोजता येत; विष्ठा भरपूर, फिकट आणि तेलकट असे, आणि संधी मिळताच ती तीही खाऊन टाकत असे. आम्ही जंत समजून दोनदा औषध दिले. शेवटी पशुवैद्यांनी उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय ही स्वादुपिंडाचे काम तपासणारी चाचणी केली, तेव्हा तिचे स्वादुपिंड पाचक एन्झाइम जवळजवळ तयारच करत नसल्याचे समजले. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार इतर जातींपेक्षा बराच अधिक आढळतो आणि त्यामागे आनुवंशिकता असल्याचे मानले जाते. उपचार अवघड नाही, मात्र तो आयुष्यभर करावा लागतो: प्रत्येक खाण्यात एन्झाइमची पूड कालवायची आणि रक्तातील बी-12 कमी पडल्यास तेही द्यायचे. पुडीविना दिलेले खाणे अंगी लागत नाही. ज्या ठिकाणी तीन पाळ्यांत वेगवेगळी माणसे डझनावारी कुत्र्यांना खायला घालतात, तेथे हे काटेकोरपणे पाळले जाणे कठीण होते. शिवाय पिंजऱ्यात ती दिवसभर गोल गोल फिरत राही आणि कमावलेले वजन त्यातच घालवी. ही जात, तिचे आजार आणि तिचा स्वभाव जाणणारी घरे ज्यांच्या संपर्कात आहेत, अशा संस्थेकडे तिला पाठवावे हा आमचा निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही.

संपर्क त्यांच्याकडूनच आला. जुलीचे छायाचित्र पाहिल्याचे सांगून एका बाईंनी फोन केला आणि पहिली वीस मिनिटे त्या केवळ जातीविषयी बोलल्या. 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स यांनी या जातीची नोंद कशी सुरू केली, पहिला नोंदणीकृत कुत्रा होरांड कसा होता, मेंढ्या राखणारी कुत्री आणि प्रदर्शनात उतरवली जाणारी कुत्री यांच्या पाठीच्या उतारात काय फरक असतो, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. मी भारावून गेले. ही माहिती कोणत्याही ज्ञानकोशात मिळते आणि आजारी कुत्रीला रोज खायला घालण्याशी तिचा काडीचा संबंध नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. एन्झाइमच्या पुडीबद्दल मी सांगू लागले, तर त्यांनी “हो, हो, आमच्याकडे अशा बऱ्याच आहेत” म्हणून विषय संपवला. पूड किती द्यायची, बी-12 ची पातळी काय आहे, खाण्यातील चरबी तिला सोसते का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. अशा कुत्र्यांना खरोखर सांभाळलेला माणूस पहिल्याच वाक्यात हे विचारतो. लसीकरणाची नोंदही त्यांनी मागितली नाही. जिथे आधीच इतर कुत्री असतात तेथे निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्यामुळे पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखा संसर्गजन्य आजार शिरण्याची धास्ती असते, त्यामुळे जबाबदार संस्था नोंद तपासते आणि नव्या कुत्र्याला काही दिवस वेगळे ठेवते. या बाईंना हवे होते ते दातांचे जवळून काढलेले छायाचित्र, बाजूने उभी असलेली जुली आणि ताठ कान. मी त्याला चोखंदळपणा समजले.

नसबंदीचा मुद्दा मात्र मीच काढला होता, कारण नसबंदी केल्याखेरीज कुत्री बाहेर न देण्याचा आमचा नियम आहे. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर इतके समंजस होते की आमच्या व्यवस्थापकांनीही मान डोलावली: इतक्या अशक्त कुत्रीला भूल देणे धोक्याचे आहे, आधी तिचे वजन 25 किलोंपर्यंत येऊ द्या, मग शस्त्रक्रिया आम्हीच करून घेऊ. वैद्यकीयदृष्ट्या यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. फसवणाऱ्याचे बोलणे बहुतेक वेळा असेच असते. त्यातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर बरोबर ठरते. आमच्याच पशुवैद्यांकडे, ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रिया होईल आणि तोपर्यंत मालकी आमचीच राहील, असे आम्ही लिहून घ्यायला हवे होते. प्रत्यक्षात आम्ही सही केलेल्या कागदावर “सदर कुत्री कायमस्वरूपी हस्तांतरित करण्यात येत आहे” एवढीच ओळ होती. ती न जमल्यास परत आमच्याकडेच द्यावी, अन्य कोणाला देऊ नये, हे कलमही त्यात नव्हते.

संदर्भ म्हणून त्यांनी एका पशुवैद्यांचा मोबाइल क्रमांक दिला होता आणि मी तो लावलाही. पलीकडच्या गृहस्थांनी संस्थेची तोंडभरून स्तुती केली. त्यांच्या दवाखान्याचा क्रमांक मी स्वतः शोधून तेथे चौकशी केली असती तर असा दवाखानाच नाही हे दहा मिनिटांत कळले असते. त्यांची जागा पाहायची इच्छा मी बोलून दाखवली, तेव्हा “तुमचा एवढा प्रवास कशाला, आपण अर्ध्या वाटेत भेटू” असे उत्तर आले. पेट्रोल पंपाच्या आवारात मी जुलीला त्यांच्या गाडीत चढवले, सोबत 3 महिने पुरेल इतकी पूड दिली आणि प्रवासखर्च म्हणून निवाऱ्याच्या वतीने पैसेही दिले. सारे आटोपायला पाव तासही लागला नाही.

पुढचे दोन महिने अधूनमधून छायाचित्रे येत राहिली. जुली हिरवळीवर, जुली गालिच्यावर, जुली एका मुलाशेजारी. तिसऱ्या खेपेला मला काहीतरी खटकले. रक्त काढण्यासाठी तिच्या पुढच्या पायावरचे केस कापले होते आणि पाठवणीच्या दिवशी तेथे बोटभर लांबीचा उघडा चट्टा होता. दोन महिन्यांत तेथे निदान आखूड केस तरी उगवायला हवे होते, पण सगळ्या छायाचित्रांत तो चट्टा जसाच्या तसा होता. म्हणजे ती सारी पहिल्या एक-दोन दिवसांत, जागा बदलून काढून ठेवलेली होती. मी तिचे आजचे वजन विचारले आणि वजनकाट्यावरचा व्हिडिओ मागितला. त्यानंतर फोन बंद झाला. तिच्या उपचारांसाठी आमच्याच छायाचित्रांच्या आधारे त्यांनी लोकांकडून देणग्या गोळा केल्याचेही मागाहून समजले.

पोलिसांकडे गेल्यावर पहिलाच प्रश्न आला: “तुम्ही स्वखुशीने सही करून दिली ना?” कागद त्यांच्या बाजूने होता. तक्रार अखेर नोंदली गेली ती कुत्रीबद्दल नव्हे, तर खोटी ओळख सांगून घेतलेल्या पैशांबद्दल.

जुली सापडली ती मायक्रोचिपमुळे. अनेकांची समजूत असते त्याप्रमाणे ही चिप कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या कुपीत बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की ती 15 अंकी क्रमांक दाखवते, आणि तो क्रमांक कोणाचा हे नोंदणीत पाहावे लागते. नोंदणी बदलली असती तर ते लोक आपणहून उघडे पडले असते, म्हणून ती आमच्याच नावावर राहिली होती. पाठवणीनंतर सुमारे 11 महिन्यांनी एका अनोळखी पशुवैद्यांचा फोन आला. रस्त्याकडेला सोडून दिलेली एक मादी कोणीतरी त्यांच्याकडे आणली होती. तिचे वजन 17 किलो होते, सड ओघळलेले होते आणि नुकतेच पिल्लांना पाजल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. नसबंदी का टाळली गेली, दातांची छायाचित्रे कशासाठी हवी होती, याचा उलगडा मला त्या फोनवर झाला. जो आजार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता असल्याने अशा कुत्र्यांचे प्रजनन करू नये असा सल्ला दिला जातो, त्याच आजाराच्या मादीची पिल्ले अस्सल जातीची म्हणून विकली गेली होती. ती घेणाऱ्यांपैकी एकाचाही पत्ता आम्हाला लागलेला नाही.

वजन सावरल्यावर नसबंदी आमच्याच देखरेखीखाली झाली आणि मग आम्ही पुन्हा एका जातविशिष्ट संस्थेकडे अर्ज केला. खरे सांगायचे तर माझ्यात तेवढा धीर नव्हता. व्यवस्थापकांनीच आग्रह धरला. त्या संस्थेने आधी सरळ नकार दिला, कारण त्यांच्याकडे या आजाराची कुत्री सांभाळणारे घर रिकामे नव्हते. सहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला, तेव्हा टीएलआयचा अहवाल, लसींची नोंद, पूड कोणत्या प्रमाणात आणि कशात कालवतो, ती इतर कुत्र्यांवर खाण्यावरून गुरगुरते का, अनोळखी माणसाने पट्टा धरल्यास काय करते, असे प्रश्न तासभर चालले. दोघे जण येऊन निवारा पाहून गेले आणि आम्हालाही त्यांनी जुली राहणार ते घर दाखवले. करारात परत घेण्याचे कलम आम्ही सुचवण्याआधीच त्यांनी घातले होते.

यावेळी मी तिच्यासोबत शेवटपर्यंत गेले. परतीच्या वाटेवर असतानाच मायक्रोचिपची नोंदणी बदलल्याचा संदेश माझ्या फोनवर आला.