विद्यापीठ बदलावे की तिथेच राहून मार्ग काढावा: आधी लेखी उत्तर कोण देते ते पाहावे

आपली निवड चुकली, ही जाणीव बहुधा पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात पक्की होते. पहिल्या सत्रात सारेच नवे असते, त्यामुळे खटकणाऱ्या गोष्टी सवयीने मागे पडतील असे वाटत राहते. पुढच्या सत्राची विषयनोंदणी समोर आली की मात्र काय मिळणार आहे आणि काय मिळणार नाही, हे स्वच्छ दिसू लागते. मी संख्याशास्त्र शिकण्यासाठी प्रवेश घेतला होता. विभाग लहान होता, आणि ज्या दोन विषयांच्या ओढीने मी तो विभाग निवडला ते माहितीपुस्तिकेत छापलेले असले तरी आधीची सलग दोन वर्षे शिकवलेच गेले नव्हते. मी दुसऱ्या विद्यापीठात अर्ज केला, तिथे मला प्रवेश मिळाला, आणि बऱ्याच घालमेलीनंतर मी गेलो नाही. हा आढावा त्या निर्णयाच्या बाजूने थोडा झुकलेला असणार, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

बदलाच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही. पदवीवर अखेरच्या विद्यापीठाचेच नाव येते. विषयांची निवड वाढते, मोठ्या विभागात संशोधनाच्या संधी अधिक असतात, आणि एका लहान विभागातील एखाद्या अध्यापकाशी सूर जुळला नाही म्हणून सगळी वाट बंद होत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: अनेक विद्यापीठे जुन्या ठिकाणचे श्रेयांक (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी क्रेडिट्स) मान्य करतात, पण त्या विषयांतील श्रेणी आपल्या सरासरीत धरत नाहीत. ज्याचे पहिले वर्ष बिघडले त्याला हा मोठाच दिलासा आहे, जरी पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी सर्व संस्थांची गुणपत्रके बहुधा मागितली जातातच. माझे पहिले वर्ष चांगले गेले होते, त्यामुळे माझ्यासाठी हाच नियम तोट्याचा ठरणार होता.

श्रेयांकांची गळती किती असते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. अमेरिकेतील शासकीय लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत. भारतात २०२१ पासून श्रेयांक साठवण्याची राष्ट्रीय सोय झाली आहे आणि युरोपात एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक ही मोजणी रुळलेली आहे. त्यामुळे श्रेयांक इकडून तिकडे नेणे सोपे झाले, हे खरे. तरीही नेलेला श्रेयांक कोणत्या विषयापोटी जमा होणार, हा निर्णय पदवी देणाऱ्या संस्थेकडेच राहतो. खरी मेख इथे आहे. एखादा मुख्य विषय ‘मुक्त ऐच्छिक’ (मुख्य शाखेबाहेरचा, आवडीने घेतलेला विषय) म्हणून मान्य झाला तर एकूण बेरीज भरते, पण तो विषय पुन्हा करावाच लागतो.

पुन्हा करावा लागणारा विषय एकटा येत नाही. संभाव्यताशास्त्र झाल्याशिवाय अनुमानशास्त्राला बसता येत नाही, अनुमानशास्त्राशिवाय प्रतिगमन विश्लेषण नाही, आणि त्याशिवाय कालश्रेणी नाही. यांतील प्रत्येक विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर साखळीची पहिली कडी निसटली की संपूर्ण साखळी एक वर्षाने पुढे सरकते, मग हाती श्रेयांक कितीही असोत. ज्या शाखांत विषय एकमेकांवर असे रचलेले असतात तिथे बदल महाग पडतो. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्यांना ही अडचण बहुधा कमी जाचत असावी, असे माझ्या परिचितांच्या अनुभवावरून वाटते.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय ठरवला तिच्याविषयी. माझे कोणते विषय कशापोटी धरले जातील, एवढे मला जाण्याआधी लेखी हवे होते. नव्या विद्यापीठाच्या कार्यालयाला मी तीन वेळा लिहिले, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जोडला, तासांची संख्या कळवली. तिन्ही वेळा एकाच आशयाचे नम्र उत्तर आले: प्रवेश निश्चित झाल्यानंतर समतुल्यता समिती (जुना विषय इथल्या विषयाच्या तोडीचा आहे का हे ठरवणारी) विचार करील. प्रवेश निश्चित करण्यासाठी जुन्या ठिकाणचा दाखला हवा होता, आणि जुन्या ठिकाणी दाखला मागणे म्हणजे तिथली जागा सोडणे होते. म्हणजे परतीचा मार्ग मी आधी बंद करायचा, आणि मी दुसऱ्या वर्षात बसणार की पुन्हा पहिल्या वर्षाचे विषय गिरवणार हे मला त्यानंतर कळणार. कार्यालयातील कोणी माझ्याशी वाईट वागले नाही; प्रत्येक जण आपापल्या नियमाला धरूनच बोलत होता. पण दोन नियमांच्या मधल्या फटीत सगळी जोखीम विद्यार्थ्यावर येऊन पडत होती, आणि ती कमी करण्याचे काम कोणाचेच नव्हते. ही गोष्ट मला इतकी लागली की त्यानंतर त्या विद्यापीठाचे भव्य ग्रंथालयही मला पूर्वीसारखे ओढेना.

त्याच सुमारास मी विनिमय सत्राची, म्हणजे एक सत्र दुसऱ्या विद्यापीठात शिकून परत येण्याच्या सोयीची, माहिती वाचली, आणि दोन्ही वाटांतला फरक माझ्यापुरता स्पष्ट झाला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या एरास्मस या युरोपातील विद्यार्थी-विनिमय योजनेत विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्यांचा एक शिक्षण-करार असतो. बाहेर कोणते विषय करायचे आणि परतल्यावर ते कशापोटी धरायचे, हे त्यात निघण्यापूर्वीच लिहिलेले असते. तिथे जाऊन एखादा विषय बदलावा लागला तर करारही बदलावा लागतो, एवढा तो गांभीर्याने घेतला जातो. इतर विनिमय कार्यक्रमांतही याच धर्तीची पूर्वमान्यता पुष्कळदा मिळते. मला जे तीन पत्रे लिहून मिळाले नव्हते, ते या वाटेने विभागप्रमुखांच्या एका बैठकीत मिळाले. माझ्या दोन हुकलेल्या विषयांपैकी एक मी त्या सत्रात केला आणि तो परतल्यावर मुख्य विषय म्हणूनच जमा झाला.

राहण्याची किंमत मात्र मी लपवणार नाही. दुसरा विषय मला एका अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र अभ्यास म्हणून करावा लागला. वर्गात सोबत कोणी नव्हते, शंका विचारायला आठवड्यातला एक तास होता, आणि वर्गात बसून शिकलेल्या मुलांइतका तो विषय माझा पक्का झाला असे मी म्हणू शकत नाही. विनिमयाचे सत्र संपवून परतल्यावर जुना विभाग पूर्वीपेक्षाही लहान वाटला. याउलट, मला तीन वर्षे ओळखणारे अध्यापक तिथेच होते आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी त्यांनी लिहिलेल्या शिफारशींत माझे काम नेमके उतरले होते. तिसऱ्या सत्रात नव्या ठिकाणी गेलेल्या विद्यार्थ्याला ती ओळख जोडायला जेमतेम दोन वर्षे मिळतात, आणि पहिल्या वर्षासाठी राखलेल्या शिष्यवृत्त्या व वसतिगृहातील अग्रक्रम त्याला बहुधा लागू होत नाहीत.

आपल्याला हवी असलेली शाखाच जिथे नाही, किंवा जिथे सुरक्षितता, आरोग्य अथवा खर्च यांमुळे राहणे अशक्य झाले आहे, तिथे माझा अनुभव लागू पडत नाही. अशा वेळी एक वर्ष गेले तरी जावे. मात्र शाखा तीच असेल आणि तक्रार विभागाच्या आकाराविषयी किंवा संस्थेच्या नावाविषयी असेल, तर मी थोडे थांबायला सुचवीन, कारण नाव पदव्युत्तर पदवीच्या वेळीही बदलता येते. तरीही जायचे ठरलेच, तर समतुल्यतेचा प्रश्न प्रवेश कार्यालयाऐवजी थेट विभागाला विचारावा, आणि विषयाच्या नावासोबत आठवडावार अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका पाठवाव्यात. जुन्या ठिकाणी जागा सोडण्याऐवजी एका सत्राची रजा मिळते का, हेही पाहावे. नकार आला तर कारण लेखी मागावे. उच्च शिक्षणाच्या परस्पर मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारात सामील झालेल्या देशांत तर दोन शिक्षणांतील तफावत मोठी आहे हे दाखवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या संस्थेवर आहे. माझ्या चौथ्या पत्राला समितीचे लेखी उत्तर आले असते, आणि त्यात संभाव्यताशास्त्र मुख्य विषय म्हणून धरले असते, तर मी बहुधा गेलो असतो. ते चौथे पत्र मी लिहिले नाही.