खरखर लॅपटॉपची, साडेसात हजार गेले कंट्रोलरवर

मी डीजे, हळदी-लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दोन चॅनेलचा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी ज्यावरून वाजवतो-मिसळतो ते मशीन) आणि विंडोजचा लॅपटॉप माझा, बाकी साउंड भाड्याचा. गेल्या लग्नसराईत एका हळदीत ऐन नाच रंगात आलेला असताना आवाजात कडकड सुरू झाली. दहा-पंधरा सेकंद गाणं नीट, मग लाह्या फुटाव्यात तशी तडतड, परत नीट. नवरदेवाचे मामा दोनदा येऊन बोलून गेले. साउंडवाल्याने केबली बदलल्या, फरक पडला नाही. कंट्रोलरला थेट हेडफोन लावला तर त्यातही तेच. म्हणजे दोष ॲम्पच्या अलीकडे आहे, एवढं तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. लॅपटॉप बाहेर काढायला लागलो तर म्हणाला, "लॅपटॉप राहू द्या दादा, त्याचं काही काम नाही. मशीन ठेवून जा." संध्याकाळी फोन आला. "साउंड कार्ड उडालंय, साडेसात हजार होतील. कंपनीत दिलं तर महिना जाईल." पुढची ऑर्डर चार दिवसांवर होती. मी हो म्हटलं.

घ्यायला गेलो तेव्हा त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं वाजवून दाखवलं. आवाज एकदम स्वच्छ. पैसे यूपीआयने दिले. पावती मागितली तर म्हणाला, "मी कुठे पळून चाललोय?" जुना पार्ट मागितला तर तो भंगारात गेलेला.

घरी येऊन लावलं. पाचव्या मिनिटाला तीच तडतड. फोन केला तर आता यूएसबीचं बोर्ड गेलंय, आणखी ४,००० लागतील.

इथे मी थांबलो आणि वीस वर्षं या धंद्यात असलेल्या एका मित्राकडे सगळं घेऊन गेलो. त्याने माझा कंट्रोलर स्वतःच्या लॅपटॉपला जोडून तासभर वाजवला. एकदाही खरखर नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्तीवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो दुरुस्तीच्या आधीही असाच स्वच्छ वाजला असता! लॅपटॉप नको म्हणण्यामागे हेच होतं.

मग मित्राने माझ्या लॅपटॉपवर लेटन्सीमॉन हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. आवाजाचं काम कुठे अडतंय ते तो दाखवतो. पट्ट्या लाल झाल्या आणि यादीत सगळ्यात वर वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर. त्याने समजावलं ते असं. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने जातात. माझा बफर, म्हणजे एका वेळी पाठवायचा तुकडा, १२८ नमुन्यांचा होता, म्हणजे लॅपटॉपने जेमतेम ३ मिलिसेकंदांत पुढचा तुकडा तयार ठेवायचा. तेवढ्यात वायफायने प्रोसेसर अडवून धरला की तुकडा उशिरा पोहोचतो आणि मधल्या फटीची तडतड ऐकू येते. बफर ५१२ केला की साधारण साडेअकरा मिलिसेकंद मिळतात. जॉगला (कंट्रोलरवरच्या गोल चकतीला) हात किंचित जड लागतो, पण हळदीत ते कुणाला कळत नाही. शिवाय वायफाय बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग काढली, मधला यूएसबी हब काढून कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावला आणि कंपनीच्या साइटवरून त्याचा मूळ ड्रायव्हर घातला. अर्ध्या तासात काम झालं. खर्च शून्य.

नंतर आम्ही कंट्रोलर उघडला. बोर्डावर धुळीचा सलग थर, कुठेही नव्या सोल्डरिंगची खूण नाही. फक्त सील फाटलेलं. वॉरंटीचे तीन महिने उरले होते, तेही त्या सीलबरोबर गेले. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग येतो.

खरखर आली तर आधी कंट्रोलर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वाजवून बघा. तिथे नीट वाजला तर पेचकस कुणाच्याही हातात देऊ नका. चार्जर लावल्यावर सतत घूं असा आवाज येत असेल तर ते अर्थिंगचं दुखणं, चार्जर काढून खात्री करा. दुकानात द्यावंच लागलं तर स्वतःच्या लॅपटॉपवर बिघाड दाखवा, परत घेताना त्याच लॅपटॉपवर वाजवून घ्या, आणि सील उघडण्याआधी वॉरंटीची तारीख बघा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पावती नाही, म्हणून यूपीआयची नोंद, "साउंड कार्ड बदललं" हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि धुळीने भरलेल्या बोर्डाचे फोटो जपून ठेवलेत. पैसे अजून आलेले नाहीत.